गेणभाऊंवरचा आळ आणि हरवलेले तीन व्होल्ट

"पडलं! पुन्हा तिथंच पडलं!"

शौर्यच्या रिमोटवरच्या विमानाने निलगिरीच्या रांगेजवळ नाक वर केले आणि त्याची मोटर बंद पडली. विमान ढेकळांवर अलगद उतरले. रांगेपलीकडे गेणभाऊ माळ्यावर उभे राहून उन्हाळी बाजरीवरची पाखरे गोफणीने हाकत होते.

"तीनदा पडलं, तिन्ही वेळा म्हाताऱ्याच्या शेताशी!" शौर्यचे काका बाळासाहेब गरजले. राजुरी गावात विहिरींवरच्या मोटरींचे वायरिंग तेच करत. "गोफणच मारतोय! संध्याकाळी ग्रामपंचायतीत तक्रार देतो!"

"आमचे आजोबा असलं न्हाई करायचे!" संस्कृती उसळली. गेणभाऊ तिचे आजोबा.

"मग बॅटरी उतरली का? मी स्वतः मीटर लावलंय. बारा पॉइंट तीन व्होल्ट! जवळपास फुल!"

संस्कृतीने विमान निरखून पाहिले. थर्माकोलवर एकही खोक नव्हती. गोटा लागल्याचा पुरावा शून्य.

"शौर्य, त्या झाडांपाशी तू काय करतोस?"

"वरून न्यायचं म्हणून मोटरला पूर्ण जोर देतो."

"काका, विहिरीवरची मोटर सुरू केली की स्टार्टरवरचा व्होल्टचा काटा खाली येतो ना? मग तुमी मीटर लावलं तेव्हा विमानाची मोटर चालू व्हती का?"

"बंद होती," काका चाचरले.

"म्हणजे आकडा खरा, पण बिनकामाचा!"

शौर्यचा आतेभाऊ सुदर्शन पंख्याच्या मागे बसला आणि त्याने विमान दोन्ही हातांनी घट्ट धरले. "रोज शंभर दंड मारतो. हलू देणार नाय!"

"दंड की वडे?" शौर्यने विचारले आणि मोटरला जोर दिला.

संस्कृतीने मीटर लावले. बॅटरीपाशी आकडा होता अकरा पॉइंट सात. मोटरकडच्या बाजूला मात्र तो भराभर घसरला. दहा... नऊ... आठ पॉइंट सहा! मोटर बंद! नऊच्या खाली व्होल्टेज गेले की विमानातले यंत्र मोटरचा पुरवठा तोडत असे.

"मधेच तीन व्होल्ट गेले कुठं?" शौर्य चक्रावला.

संस्कृतीने मधल्या वायरवरच्या काळ्या टेपला बोट लावले. "आई गं! लई तापलंय!"

टेपखाली दोन वायरी नुसत्या पिळलेल्या होत्या. त्या सैल जोडातच वीज उष्णता होऊन वाया जात होती.

"हा जोड कुणी दिला?" सुदर्शनने निरागसपणे विचारले.

जोड काकांचाच होता. मग त्यांनीच डाग द्यायचे सोल्डरिंग आयर्न आणले. पक्का जोड दिल्यावर पूर्ण जोरातही आकडा साडेअकराच्या खाली गेला नाही. विमान निलगिरीवरून झेपावले, बाजरीवर दोन घिरट्या घालून परत आले. पाखरांचा थवाच्या थवा उठला!

काका पोरांना घेऊन बांध ओलांडून माळ्याखाली गेले. "गेणभाऊ, चुकलो. उगाच आळ घेतला तुमच्यावर."

"असू द्या, राव. पोरांनी आधी मोजलं, मग ती बोलली. शाबास!" गेणभाऊ खाली उतरले. "आता आमच्या विहिरीवरच्या मोटरीचाबी जोड बघा पोरांनो. त्योबी यांनीच दिलाय."

संस्कृतीने मीटर उचलले.

"थांबा! कुणी हात लावू नका!" काका विहिरीकडे धावत सुटले. "आधी मी फ्यूज काढतो!"