शेळ्या उघड्यावर कशा?

"बिबट्या असो नाहीतर बिबट्याचा आजा, आज राईड होणार म्हणजे होणारच!" चाकात हवा भरता भरता आरोहीने जाहीर केले.

"तुझ्या आईला ऐकू जाऊ दे, मग कोणाचा आजा आठवतो ते बघू!" आदेश म्हणाला. हा तिचा चुलतभाऊ, वयाने एक वर्ष लहान आणि सावधपणात शंभर वर्षांनी मोठा!

नाताळच्या सुट्टीत भर थंडीत, दिवे लावून, गिअरच्या सायकलींवर माळवस्तीपासून लेण्याद्रीच्या पायथ्यापर्यंत जायचे, हा या दोघांचा आणि त्यांच्या मैत्रिणीचा, वृषालीचा, तीन वर्षांचा नेम होता. यंदा मात्र गेणभाऊंनी वस्तीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'चारीच्या वळणावर काल बिबट्या बघितला. दिवस मावळल्यावर तिकडे कोणी फिरकू नये.' गेणभाऊ म्हणजे पाणीवाटप कमिटीतले बडे प्रस्थ. झाले! सगळी वस्ती दिवेलागणीलाच दाराला कड्या लावू लागली.

आरोहीची खरी चीड वेगळीच होती. कालव्याचे पाणी चारीतून वस्तीला येई आणि तिच्या आईचे रान चारीच्या अगदी शेवटाला होते. एरवी ज्याची पाण्याची पाळी तो बॅटरी घेऊन चारीवर फेऱ्या मारायचा, वाटेत कोणी पाणी वळवू नये म्हणून. बिबट्याच्या धाकाने ते बंद पडले. मागची पाळी कोरडीच गेली. आज पुन्हा सहापासून त्यांची पाळी होती आणि साडेसहा वाजले तरी चारीत थेंब नव्हता. महिन्यापूर्वी लावलेला कांदा माना टाकत होता.

"आजबी पानी न्हाई आलं तर कांदा गेलाच म्हनायचा," बांधावर बसलेली आई म्हणाली. आरोहीने सायकलचा दिवा लावला.

"आई, आम्ही चारी बघून येतो!"

"येडी का खुळी? वाघ हाय तिथं! सायकली फिरवायच्या तर डांबरीवर फिरवा. डांबरी सोडायची न्हाई, आन् आठच्या आत घरात!"

तीन दिवे डांबरीवरून निघाले. गार वारा कानाला झोंबत होता. वृषाली मोठमोठ्याने पाढे म्हणत होती. बिबट्या आवाजाला बिचकतो आणि तिला एकही गाणे धड पाठ नव्हते! गेणभाऊंच्या घरासमोर मात्र सतराचा पाढा अर्ध्यात सोडून तिने करकचून ब्रेक दाबला.

"अरे, ते बघा! शेळ्या!"

अंगणात पाच शेळ्या उघड्यावर बांधलेल्या होत्या. जाळीचा गोठा रिकामा! रस्त्याकडेला त्यांचा कुत्रा खुशाल घोरत पडला होता.

आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, बिबट्या आधी कुत्रा उचलतो, मग शेळी. साधी अफवा उठली तरी लोक कोंबड्यासुद्धा आत कोंडतात!

"बिबट्या डोळ्यांनी बघितलेला माणूस शेळ्या बाहेर ठेवेल?" आरोहीने विचारले.

"नाही," आदेश म्हणाला आणि लगेच त्याचा चेहरा पडला. "म्हणजे आता आपण डांबरी सोडणार!"

"सोडणारच!"

खडकाळ वाटेवरून सायकली धडधडत वळणावर पोचल्या. चारीच्या बगलेचे लोखंडी दार सताड वर उचललेले होते आणि पाणी खळाळत गेणभाऊंच्या शेततळ्यात पडत होते. आरोहीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिघांनी लटकून दाराचे चाक फिरवले. दार बसले आणि पाणी सरसरत खाली धावले. वृषालीने सायकलचे आकड्यांचे कुलूप काढून चाकाला अडकवले.

"सकाळी तो म्हणेल, मी नाहीच," आदेश म्हणाला. "आपलं कोण ऐकणार?"

"त्याच्याच तोंडून वदवू!" आरोहीने ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "गेणभाऊकाकांनी वळणावर बिबट्या सांगितलाय आणि त्यांच्या शेळ्या उघड्यावर आहेत! त्यांच्या अंगणात लवकर या!"

शब्द न् शब्द खरा!

तिघे गेणभाऊंच्या घरासमोर परतले आणि पंधरा मिनिटांत अख्खी वस्ती काठ्या, बॅटऱ्या, ट्रॅक्टर घेऊन तिथे हजर! गेणभाऊ कानटोपी सावरत बाहेर आले.

"ह्या वक्ताला कशापायी आलात?"

"बिबट्यासाठी, राव! शेरडं आत घ्या पयली!" वस्तीतले सगळ्यात वडीलधारे रखमाजी ओरडले. "आमी वळनावर जातो!"

"वळनावर नका जाऊ!" गेणभाऊ घाबरून बोलून गेले. "कसला बिबट्या? तिथं काय बी न्हाई!"

उगारलेल्या काठ्या खाली आल्या.

"बरोबर, काका," आरोही पुढे आली. "बिबट्या नाहीच. पण तुमचं तळं आमच्या पाण्यानं भरलंय!"

सगळे तिघांच्या मागोमाग वळणावर गेले. बॅटऱ्यांच्या उजेडात भरलेले तळे आणि दाराच्या चाकाला लावलेले कुलूप दिसले आणि गेणभाऊंची मान खाली गेली.

"आमी थोरली मानसं कड्या लावून बसलो, आन् पोरांनी चोरी धरली!" रखमाजींनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! ते कुलूप ऱ्हाऊ द्या तिथंच."

"आकडा?" गेणभाऊ पुटपुटले.

"तुमची पाळी आली की सांगू!" वृषाली म्हणाली.

एवढ्यात आरोहीचा फोन वाजला. "आगं, पानी आलं! चारी भरून आलं!" आईला धाप लागली होती. "तू कुठं हायेस?"

"चारीवर."

"डांबरी सोडू नको म्हनलं व्हतं ना?"

"हो."

पलीकडून वाफ्यात पाणी वळवल्याचा खळखळाट ऐकू आला. मग आई म्हणाली, "बरं झालं बाई, ऐकलं न्हाईस!"