काचेआडचा चावा

ताई पुढच्या खोलीत दातांच्या कवळ्या बनवायची. मेणाचा वास, प्लास्टरची पांढरी धूळ आणि घासायच्या मशीनची घरघर, यातच तिची दुपार जायची. हल्ली त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचा धाकटा भाऊ बसलेला असे. लहानपणी ऊठसूट गळा काढायचा, म्हणून त्याचं नाव भोंगा पडलं होतं. आता भोंग्याचा आवाजच बसला होता. वायरमनचं काम करताना तो शिडीवरून पडला, खांद्यातल्या नसा दुखावल्या, आणि उजवा हात कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा टेबलावर पडून राहू लागला. टाचणी टोचली तरी त्याला कळत नसे.

हाताचे व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी वेळ जावा म्हणून त्याला टॅबवरचा एक खेळ सुचवला. पडद्यावरच मत्स्यालय, त्यात मासे वाढवायचे. भोंग्याने गरीब, रंगीत मासे सोडून नेमकी भांडखोर जात निवडली. नर-मादी समोरासमोर आले की लचके तोडत. आधी मध्ये काच घालून त्यांना एकमेकांची सवय करावी लागे. मग पिल्लांतली सर्वांत तापट निवडून त्यांची जोडी जमवायची. प्रत्येक वीण आधीपेक्षा खुनशी निघे.

"अरे, शांत मासे नाहीत का त्यात?" ताई वैतागून म्हणाली.

"शांत मी आहे की," भोंगा म्हणाला.

अशाच एका विणीत काळ्या जन्मला. शाईसारखा काळा. आपल्या भावंडांचा त्याने बघता बघता फडशा पाडला. पडद्यावर बोट टेकलं की मासे चाल करून येत, खेळाची रचनाच तशी होती. पण भोंग्याच्या डाव्या हाताच्या बोटाकडे काळ्या ढुंकूनही बघेना. टॅबच्या उजवीकडे टेबलावर तो मेलेला हात पडलेला असे. त्या कडेला काचेला नाक लावून, कल्ले फुलवून तो उभा राही. ताईने टॅब उलटा फिरवून पाहिला. काळ्या सावकाश पोहत पलीकडच्या कडेला गेला. हाताच्याच बाजूला.

"याला हात दिसतो की काय!" भोंगा हसला. डाव्या हाताने उजवा उचलून त्याने बोटं पडद्यावर ठेवली.

काळ्या झेपावला.

"आई गं!"

ताईच्या हातातली कवळी खाली पडली. भोंगा डोळे फाडून बोटाकडे बघत होता.

"ताई, दुखलं. दुखलं गं मला!" आणि त्याने लहानपणासारखा गळा काढला.

बोटाच्या टोकावर अर्धगोलात बारीक ठिपके होते. एकावर रक्ताचा थेंब. काच कुठे तडकलीय का बघायला ताईने पडद्यावरून कापूस फिरवला. तो कुठेच अडकला नाही. काळ्याचं चित्र मोठं करून पाहिलं. तोंडाच्या जागी नुसती एक रेघ होती.

"बंद कर ते."

"हात परत येतोय, आणि बंद करू?"

ताईने कापूस त्याच्या बोटावर दाबून धरला.

रोज दुपारी भोंगा एकेक बोट काळ्यापुढे धरू लागला. आधी अंगठा हलला. मग मूठ वळली. व्यायामाच्या बाईंनी पुन्हा पुन्हा तपासलं, "असं क्वचित होतं" म्हणाल्या, आणि ठिपक्यांबद्दल विचारायचं टाळलं.

एका सकाळी भोंग्याने स्वतः शर्टाची बटणं लावली, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली आणि शीळ घालत कामावर निघाला. वळणावरून त्याने ताईला हात केला. उजवा.

ताई डोळे पुसत आत आली. टॅब टेबलावरच होता. काळ्या काचेशी उभा होता, कल्ले मिटून.

बोट पुढे करायचा तिला धीर होईना. कवळीसाठी ऊन केलेली मेणाची पट्टी हाताशी होती. तीच तिने अलगद पडद्यावर ठेवली.

मेण थरथरलं.

तिने पट्टी भिंगाखाली धरली. आता ते ठिपके नव्हते.

लहान, बसके, एकमेकांना चिकटलेले, माणसाच्या पोराचे दुधाचे दात उमटले होते. समोरचा एक पडलेला होता.

त्या जागी नवा डोकं वर काढत होता.