दारावरचं कपाट

दत्तारामचं कार्ड येऊन सहा वर्षं झाली. मी उत्तर दिलं नाही. मोठ्या, सुट्या अक्षरांत त्याने लिहिलं होतं, ‘तुमचे एक पुस्तक माझ्याकडे राहिले आहे. आणून देईन. कधी येऊ ते कळवा. बेबीवहिनींना नमस्कार.’ शेवटची ओळ मला खटकली. तेवढ्यासाठी कोणी इतकी वर्षं गप्प बसतं का, असं विचारलं तर मला सांगता येणार नाही.

करी रोडच्या आमच्या चाळीत माझं पुस्तकांचं कपाट सगळ्यांना खुलं होतं. मी माझगावच्या गोदीत कारकून. चारचौघांत बोलायला जमायचं नाही, पुस्तकं द्यायला जमायचं. नियम एकच, आधीचं परत करा, मग दुसरं न्या. शेजारचा दत्ताराम गिरणीत होता. त्याला धड वाचता येत नव्हतं. माझ्या बायकोने, बेबीने, त्याला गॅलरीत बसवून अक्षरं लावायला शिकवलं. मी आत बसून ऐकायचो. तो अडखळला की ती हसायची. माझ्या वाचनाला ती कधी हसली नाही. मी तिला कधी काही वाचून दाखवलंही नाही म्हणा. गिरणी बंद पडली तेव्हा तो एक पुस्तक घेऊन राजापूरकडे गावी गेला. कपाटातल्या त्या जागी मी दुसरं पुस्तक लावलं नाही.

आता चाळीच्या जागी टॉवर आहे आणि आम्ही अकराव्या मजल्यावर. बेबी विसरू लागली तसं आमच्या सुनेने, देविकाने, घरात बदल करायला घेतले. आरसा काढला, कारण त्यातल्या बाईला बेबी घाबरायची. बाथरूमच्या दारावर चित्र लावलं. स्टीलच्या ताटाऐवजी लाल ताट आणलं. त्यात तिला भात नीट दिसतो. तरी बेबी दार उघडून खाली जायची. एकदा लालबागच्या सिग्नलला सापडली. तेव्हा देविका म्हणाली, दार दारासारखं दिसायलाच नको. माझ्या कपाटाचा फोटो काढून तिने तो दाराएवढा छापून आणला आणि आतल्या बाजूने चिकटवला.

फोटो काढण्याआधी तिने विचारलं होतं, “अप्पा, ती मधली फट भरून घेऊया का?”

मी नको म्हणालो.

बेबी दाराकडे फिरकेनाशी झाली. मला ती ‘लायब्ररीवाले’ म्हणायची, पण घरात होती. मला तेवढं पुरत होतं.

मग ती त्या चित्रासमोर खुर्ची ओढून बसू लागली. दुपारी, मी वाचत असताना. हळू काही बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. एकदा हसली. ते हसू मी चाळीस वर्षांनी ऐकलं आणि ओळखलं.

“कोणाशी बोलतेस?”

“दत्ताशी. तुम्ही वाचा हो, लायब्ररीवाले.”

दत्ताराम गेल्या शिमग्यात वारला, हे देविकाने चाळीच्या ग्रुपवर वाचून मला सांगितलं होतं. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये, हे मला कळतं. मी केला. माझं नाव तिला आठवत नव्हतं आणि त्याचं ती अर्धं करून घेत होती.

पुढे एका दुपारी चित्रातली फट भरलेली दिसली. खाकी कव्हर, त्यावर माझ्या अक्षरातला आकडा. हात फिरवून पाहिला, गुळगुळीत चित्रच. माझा माझ्या डोळ्यांवर फारसा विश्वास नाही, म्हणून खऱ्या कपाटाशी गेलो. तिथे फट तशीच होती. देविकाने फोनमधला फोटो काढून दाखवला. त्यातही फट होती. छापणाऱ्याने भरली असेल, असं म्हणून ती कामाला लागली. मी चित्राजवळ वाकलो. कापसाचा आणि मशीनच्या तेलाचा वास येत होता.

आज देविका ऑफिसला गेल्यावर बेबी आपली आपण साडी नेसली. वर्षभर आम्ही तिला नेसवत होतो. केस विंचरून, कापडी पिशवी मांडीवर घेऊन ती चित्रासमोर बसली.

“कुठे निघालीस?”

“त्याने परत केलं ना,” ती म्हणाली. “आता त्याला एक न्यायचंय.”

माझाच नियम.

मी टेबलाशी बसलो. कार्ड शोधावं लागलं नाही, पाठ होतं. कागदावर त्याला उत्तर लिहिलं, ‘पुस्तक मिळालेलं नाही. नियम तुला माहीत आहे.’

“पुस्तक तर आलंय, अहो,” बेबी पाठमोरीच म्हणाली. मी काय लिहिलं ते तिने पाहिलं नव्हतं.

अहो. वर्षभर मी या शब्दाची वाट पाहत होतो. तिने मागे वळून पाहिलं असतं, तर कदाचित मी कागद फाडला असता. ती चित्राकडेच बघत राहिली.

मी गुडघे टेकून कागद दाराखालून सरकवला. मी सोडण्याआधीच तो पलीकडून ओढला गेला.

बेबीने पिशवी नीट धरली.

“थांबावं लागेल,” ती म्हणाली. “त्याला वाचायला वेळ लागतो.”

दारापलीकडे कोणीतरी एकेक अक्षर लावू लागलं.