कापडी पट्टा

आधी भेटली ती त्याची कात्री.

देवळाच्या दारातलं तपासणीचं मशीन बोंबललं. मी पिशवी उघडली — कात्री, टेप, खडू.

"हे देवळात न्हेता येत न्हाय."

"मग ऱ्हाऊ द्या बाहेर. माझं काम तुमच्याशीच हाय."

शिवपुत्र. उमरग्याचा टेलर. दारावर तपासणी करणाऱ्या आम्हा बायकांचे नवे ड्रेस ठेकेदारानं त्याला शिवायला दिले होते.

खांदा, पंधरा. बाही, अठरा. लिहिताना मान वर नाही.

"जुन्या ड्रेसात वाईट काय हाय?" त्यानं विचारलं.

काय सांगू... काळी सफारी, टोपी, कातडी पट्टा. मी हसले तरी बायका पिशवी छातीशी धरतात. गेल्या मंगळवारी तामलवाडीच्या धुरपताबाई भर रांगेत कडाडल्या, "पोलीसबाई, कातडं बांधून देवीच्या परडीला शिवतीस व्हय!" तक्रार गेली. आणखी एक आली, तर ठेकेदार मला उमरग्याच्या गोदामावर धाडणार.

"उमरग्याला?" आता मान वर.

"हसू नका. मला हे दार सोडायचं न्हाय."

"हसलो कुठं..."

पंधरा दिवसांनी तो ड्रेस घेऊन आला. मोरपंखी कुर्ता. पट्टा कापडी. आणि छातीवर धाग्यानं, ठसठशीत, माझं नाव — दैवशाला.

"नाव एवढं मोठं?"

"लांबनं वाचता यावं."

"कुणाला?"

त्यानं सुई दातांत धरली. म्हणजे बोलायलाच नको!

मंगळवार. धुरपताबाई. परडी पदराआड. त्यांनी माझा पट्टा दोन बोटांनी चाचपला, मग नावावर बोट ठेवलं.

"काय लिवलंय?"

"दैवशाला."

"धर मग, दैवशाला. जपून, माय."

परडी माझ्या हातात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तपासायच्या आधी मी ती कपाळाला लावली.

कठड्यापलीकडे शिवपुत्र उभा होता.

"ऱ्हायलात म्हना दारावर."

"तुमच्यामुळं."

"ते गोदाम... माझ्या दुकानासमोरच हाय. शटर उघडलं की तुमी दिसला असता. रोज. ड्रेस जुन्याच नमुन्यावर शिवला असता, तर —"

"मग का न्हाय शिवला?"

"तुमाला इथं ऱ्हायचं व्हतं."

मागून रांग ओरडली, "अवं बाई, सोडा की फुडं!" मी एक पिशवी तपासली. दुसरी. तिसरीत काय होतं, देवी जाणे.

"बुधवारी मला सुट्टी असती," मी म्हणाले.

"बरं..."

"बरं काय? उमरग्याची पहिली एसटी कितीला सुटती?"