शून्य लोकांची घळ

"शून्य!"

लिनेट इतक्या जोरात ओरडली, की दुकानाच्या वरच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं उठलं आणि खालच्या पायरीवर जाऊन झोपलं.

"काय शून्य?" डेल्फानं विचारलं. तिच्या कडेवर पिठाची पिशवी होती.

"तुम्ही! तू, हॉबी, सगळी रॅमी घळ! हे बघ ना!"

पोस्टाच्या खिडकीशेजारी टॉलिव्हर काउंटीचा शिक्का मारलेला नवाकोरा कागद चिकटवला होता. लिनेट डेल्फाची मामेबहीण. मामा कारखान्यात नोकरीला ओहायोत गेला, त्यामुळे ती डेटन शहरात वाढलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीला मात्र दरवर्षी घळीत यायची. सरकारी भाषा तिला फाडफाड वाचता यायची.

"'प्रस्तावित कचराभूमी. जागा : झीकचा खड्डा, रॅमी घळ. परिसराची लोकसंख्या : शून्य. पाण्याचा निचरा : उत्तरेस, डोंगरापलीकडे. हरकती शनिवारी सकाळी दहा वाजता घळीतल्या चर्चच्या अंगणात ऐकल्या जातील.'"

"शून्य लोकांच्या हरकती ऐकायला गाडी करून येणार? वेडेच आहेत!" हॉबी फिस्सकन हसला. तो डेल्फाचा धाकटा भाऊ, वय वर्षं नऊ, तोंड कायम चालू.

डेल्फा हसली नाही. पिठाची पिशवी तिनं धपकन खाली ठेवली. "हॉबी, झीकच्या घशात कचरा टाकणार आहेत ते. झीकच्या घशात!"

आता हॉबीचंही हसू मावळलं.

घळीच्या वरच्या टोकाला एक खोल खड्डा होता. डोंगरावरून उड्या मारत येणारा ओढा तिथवर यायचा आणि गटकन जमिनीत नाहीसा व्हायचा. फार पूर्वी घळीत झीक नावाचा एक म्हातारा राहायचा. तो ताकाचं मडकं तोंडाला लावायचा ते रिकामं करूनच खाली ठेवायचा. त्याच्यावरून खड्ड्याचं नाव पडलं झीकचा घसा. आणि खाली, चर्चच्या मागं, चुनखडीच्या कपारीतून बारमाही झरा वाहायचा. निळसर, दातांत कळ आणणारा गार. अकरा घरांना पाणी तेवढंच. विहीर खणावी तर लागायचं ते डोंगरातल्या कोळशाच्या खाणीचं, गंजक्या रंगाचं पाणी. त्या पाण्यात धुतलेला सदरा जन्मभर तांबडा.

घशात गेलेला ओढाच झऱ्यातून बाहेर येतो, हे घळीत सगळ्यांना ठाऊक होतं. घळीतली म्हातारी वर्डी आत्या पाणी भरताना गुणगुणायचीसुद्धा :

*वरती वाळूचा खडक, खाली चुन्याची गं खोली*
*मधल्या काळोखात पाणी पुसे वाट ओली*

पण काउंटीच्या कचेरीत गाणं कोण ऐकून घेणार?

"तुमच्या डॅडींना सांगू या," लिनेट म्हणाली.

सांगितलं. डॅडींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. खाण बंद पडल्यापासून ते कमीच बोलायचे. "लिहिलंय ना त्यांनी? मग झालं. खाण बंद केली तेव्हाही लिहूनच आणलं होतं. आपण बोलून कधी कागद बदललाय का?"

"मग आपण बोलायचंच नाही?" डेल्फा फणकारली.

"तू बोल," डॅडी म्हणाले. त्यांच्या आवाजात चिडवणं नव्हतं, आशाही नव्हती. डेल्फाला ते फार झोंबलं.

"बोलणारच आहे!"

दुसऱ्या दिवशी तिघं वर चढून गेली, तर घशाच्या काठावर एक गृहस्थ तिपाईवर दुर्बीण लावून उभे! इस्त्रीची पँट, बुटांना चिखलाचा एक डाग नाही. काउंटीचे मोजणीदार, मिस्टर स्टॅम्पर.

"लोकसंख्या शून्य तुम्ही लिहिलीत?" डेल्फानं थेट विचारलं.

"अरेच्चा! कुठून आलात तुम्ही?"

"शून्यातून," हॉबी म्हणाला.

मिस्टर स्टॅम्पर हसले. "हे बघ पोरा, मी काही खुर्चीत बसून लिहीत नाही. स्वतः अकरा दारं ठोठावलीत. एक माणूस ओ देईल तर शपथ! चुलीचा धूर नाही, अंगणात कुत्रंसुद्धा नाही. सगळे ओहायोला गेले, दुसरं काय!"

"कधी आला होतात?" लिनेटनं अगदी गोड आवाजात विचारलं.

त्यांनी वही उघडली. "जूनचा दुसरा रविवार. दुपारी बारा."

हॉबीनं तोंड उघडलं. डेल्फानं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की ते नुसतंच 'आ' करून मिटलं.

"आणि पाणी?" ती म्हणाली. "हे पाणी आमच्या झऱ्यात येतं."

"पाणी उतारानं जातं, बाळ. जमिनीचा उतार उत्तरेला. शाळेत शिकवत नाहीत वाटतं इकडे?"

"वरचं पाणी वरच्या उतारानं जातं. खाली चुनखडी आहे. पाण्यानं तिला आतून पोखरलंय. तिथला उतार तुम्ही उतरून पाहिलात?"

"तू पाहिलास?"

"नाही."

"मग सिद्ध कर! शनिवारपर्यंत वेळ आहे," म्हणत त्यांनी तिपाई मिटली आणि ते शीळ घालत निघून गेले.

ते वळणाआड होताच हॉबी उसळला. "चिमटा का काढलास? तो सजावटीचा रविवार होता! आपण सगळे वर होतो!"

खरंच होतं ते. त्या रविवारी घळीत घरी कुणी थांबत नाही. सगळे डोंगरमाथ्यावरच्या दफनभूमीत जातात. गवत काढायचं, प्रत्येक थडग्यावर फुलं ठेवायची, गेलेल्यांची नावं घ्यायची आणि मग ओकच्या झाडाखाली लांबच लांब फळ्यांवर पानं मांडायची : उकडलेला घेवडा, मक्याचा पाव, सफरचंदाचा थरांचा केक. केकच्या वासानं कुत्रीही मागोमाग जातात. वर्डी आत्या ऐंशी वर्षांची, डोंगर चढवत नाही, तर तिला खुर्चीसकट उचलून नेतात.

"आपण आपल्या मेलेल्या माणसांची नावं घेत होतो," डेल्फा सावकाश म्हणाली, "आणि तेवढ्यात यानं जिवंत माणसं पुसून टाकली!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"इथं सांगितलं असतं तर त्यानं वही मिटून टाकली असती. शनिवारी सांगू. सगळ्यांसमोर."

"पण पाण्याचं काय?" लिनेट म्हणाली. "रंग टाकायचा घशात?"

"पिण्याच्या पाण्यात? वर्डी आत्या आपल्यालाच घशात टाकील!"

"भुसा टाकू."

"भुसा कुठलाही असू शकतो, म्हणतील."

हॉबी दगडावर बसून दाणे काढलेलं मक्याचं कणीस ओढ्यात सोडत होता. कणीस डुलत डुलत गेलं, घशाच्या तोंडाशी दोनदा गरगरलं आणि गडप झालं. तिघंही एकदम उठून उभी राहिली.

"कणसं!"

"त्यांच्यावर खूण करू!"

"खूण नाही," डेल्फा म्हणाली. तिचे डोळे लकाकले. "नावं! घळीतल्या प्रत्येक माणसाचं नाव! एक माणूस, एक कणीस!"

मग काय विचारता! दुपारभर तिघं अकरा दारं हिंडली. शेळ्यांचं दूध काढणारी माणसं मोजली, बाळंतिणीच्या कुशीतलं बारा दिवसांचं बाळ मोजलं, आणि वर्डी आत्याला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "माझ्यासाठी धड कणीस निवडा गं, किडकं नको!" आकडा झाला त्रेचाळीस. धान्याच्या कोठारामागं तारेचा तुकडा विस्तवात लाल करून डेल्फा एकेक नाव कणसावर डागत होती. धुराला भाजक्या मक्याचा वास येत होता.

"चव्वेचाळिसावं लिनेटचं!" हॉबी म्हणाला.

लिनेटनं मान हलवली. "नको."

"का? तू आपलीच ना!"

"मी आपलीच आहे. पण राहते डेटनला." तिनं ढिगातलं एक कणीस उचललं. "त्यांनी एक खोटं नाव शोधलं, की त्रेचाळीस खरी नावं खोटी पडतील. तार दे इकडे. 'ऑर्लेना' असं लिहितात होय? केवढं वाकडं काढलंयस!"

डेल्फानं तार तिच्या हातात दिली आणि सरकून तिला जवळ जागा करून दिली.

गुरुवारी सकाळी त्रेचाळीस कणसं झीकच्या घशात गेली. तिघं धावत झऱ्यावर आली आणि वाट पाहू लागली.

दुपार झाली. काही नाही.

संध्याकाळ झाली. एक बेडूक आला.

"बेडकावर नाव आहे का बघ," हॉबी म्हणाला. कुणी हसलं नाही.

शुक्रवारीही झरा तसाच, निळा आणि रिकामा. उन्हाळ्यानं ओढा बारीक झाला होता. आत काळोखात कुठंतरी त्रेचाळीस नावं अडकून पडली असतील, असं वाटून डेल्फा कपारीत वाकून वाकून पाहत राहिली. दुपारी डोंगरमाथ्यावर ढग जमले, तासभर गडगडलं, सरी कोसळल्या. घसा गुरगुरायला लागला. पण झऱ्यात तरीही काही नाही!

शनिवार उजाडला. डेल्फा पहाटे उठून झऱ्यावर जाऊन आली. काही नाही.

"हॉबी, तू इथून हलायचं नाहीस," तिनं बजावलं आणि फ्रॉक झटकून ती चर्चच्या अंगणात गेली.

काउंटीचे प्रमुख जज कॉडल मोठ्या पोटाचे, थकल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. शेजारी मिस्टर स्टॅम्पर नकाशे घेऊन बसले होते. समोर घळीतली माणसं, हात बांधून, गप्प.

"हरकत आहे कुणाची?" जजसाहेबांनी विचारलं.

डॅडी बुटांकडे पाहत होते.

"माझी आहे!" डेल्फा उभी राहिली. "जजसाहेब, जूनच्या दुसऱ्या रविवारी दुपारी बारा वाजता तुम्ही कुठं होतात?"

"मी? आमच्या आईच्या थडग्यापाशी. सजावटीचा रविवार तो! कुठं असणार?"

"तुमच्या घराचं दार तेव्हा कुणी ठोठावलं असतं तर?"

"कोण ओ देणार? सगळे वर..." जजसाहेब मध्येच थांबले. त्यांनी हळूहळू मान वळवली. "स्टॅम्पर, तुम्ही कुठल्या दिवशी मोजणी केलीत?"

मिस्टर स्टॅम्पर कानापर्यंत लाल झाले. "मी... मी मूळचा शहरातला, साहेब. मला काय माहीत..."

अंगणात हशा पिकला. वर्डी आत्या खुर्चीतून ओरडली, "अरे, दार ठोठावून दमलास तर वर यायचंस! केक होता!"

"बरं, बरं! शून्य चुकलं," जजसाहेबांनी हात वर केला. "पण पोरी, नकाशा सांगतो पाणी उत्तरेला जातं. तुझ्याकडे दाखवायला काही आहे?"

नाही म्हणायचं? आहे म्हणायचं? "आहे," ती ताठ मानेनं म्हणाली, "पण ते अजून वाटेत आहे."

मिस्टर स्टॅम्पर हसणार, एवढ्यात चर्चच्या मागून किंकाळी आली.

"आले! आले! वर्डी आत्या आली! जेस काका आला! बाळ आलं!"

अख्खं अंगण उठून धावलं. झऱ्याचं पाणी कालच्या पावसानं फुगून खळाळत होतं, आणि कपारीतून टप्, टप् करत कणसं बाहेर उसळत होती. गुडघाभर पाण्यात उभा राहून हॉबी ती फ्रॉकच्या घोळात गोळा करावीत तशी सदऱ्यात गोळा करत होता.

जजसाहेबांनी वाकून एक उचललं. काळी, डागलेली अक्षरं त्यांनी मोठ्यानं वाचली. "ऑर्लेना रॅमी?"

"हजर!" गर्दीतून आवाज आला.

"जेस स्टिडॅम?"

"हजर!"

"वर्डी रॅमी?"

"हजर! अजून तरी!"

दर नावाला आवाज चढत गेला. गप्प बसलेली माणसं आता छाती पुढं काढून ओरडत होती. बारा दिवसांच्या बाळाच्या नावाला त्याच्या आईनं त्याला उंच धरलं आणि त्यानंच टाहो फोडला. मग जजसाहेबांनी वाचलं, "ल्यूथर रॅमी?"

डॅडींनी टोपी काढली. या वेळी डोकं खाजवलं नाही. "हजर," ते म्हणाले. मग अख्ख्या घळीत घुमेल असं पुन्हा एकदा, "हजर!"

डेल्फानं झऱ्यातून पळीभर पाणी काढलं आणि जजसाहेबांपुढं धरलं. "प्या आणि मग ठरवा."

ते प्यायले. दातांत कळ गेली असावी, कारण क्षणभर डोळे मिटले. मग त्यांनी मिस्टर स्टॅम्परांच्या हातून कागद घेतला, लोकसंख्येवर काट मारली, निचऱ्यावर काट मारली, आणि शेवटी सगळ्या कागदावरच एक मोठी तिरपी रेघ ओढली.

"या घळीत कचरा येणार नाही," ते म्हणाले. "माझ्या कचेरीत चांगली दुर्बीण आहे, बाई, पण तुमच्यासारखी डोकी नाहीत."

"तिघांची डोकी," डेल्फानं लिनेटला पुढं ओढलं. मिस्टर स्टॅम्परांनीही हॅट काढून लिनेटशी हात मिळवला. आता त्यांचे बूट चिखलानं बरबटले होते.

डॅडींनी डेल्फाच्या खांद्यावर हात ठेवला. "बोलून कागद बदलतो तर!" एवढंच ते म्हणाले. तिला तेवढं पुरलं.

दुपारपर्यंत बेचाळीस कणसं आली. माणसं जेवायला गेली. हॉबी मात्र झऱ्याकाठी गाल फुगवून बसून राहिला.

"माझंच कणीस नाही आलं!" तो वर्डी आत्याला म्हणाला. "मी अजून खालीच आहे!"

"येशील रे," आत्या बादली भरत म्हणाली. "वाटेत कुणाशी तरी बडबडत बसला असशील."