दाराबाहेरचे बाबा

"पिल्लू, दार उघड रे राजा! बाबा आलेत बघ!"

"तुम्ही बाबा नाही! हा आवाज बाबांचा नाहीये!" आतून पिल्लू ओरडला. कडी नीट बसली आहे ना, हे त्याने खडखडवून पुन्हा एकदा पाहिलं.

बाबा खोलीच्या बंद दारासमोर तसेच उभे राहिले. वर्षभर ते बोटीवर होते. इंजिनाच्या खोलीत सतत ओरडून बोलावं लागे, त्याने त्यांचा घसा पार बसला होता. थोड्याच दिवसांची सुट्टी काढून ते घरी आले होते, ती निम्मी संपली, आणि लेकाने त्यांना अजून तोंडसुद्धा दाखवलं नव्हतं. आई किंवा ताई एकटी आली की कडी निघायची, बाबांची चाहूल लागली की खाट्कन बसायची! वाढलेली दाढी त्यांनी कालच काढून टाकली होती, पण आवाज कसा काढून टाकणार?

"राहू दे," ते म्हणाले, "भ्यायलंय पोर." आणि स्वयंपाकघरात जाऊन एक चांगला असलेला नळ दुरुस्त करत बसले.

ढापणी हे सगळं बघत होती. ढापणी म्हणजे पिल्लूची ताई. चष्मा लागल्यापासून तिचं खरं नाव घरातसुद्धा कुणी घेत नसे. हा सगळा घोळ तिच्यामुळेच झाला होता. वाचनालयातलं धुक्याचं पुस्तक तिनेच पिल्लूला वाचून दाखवलं होतं, तेही आवाज काढून काढून!

त्या पुस्तकात कड्यावरच्या घरात एक मुलगी एकटी असते. बाबा बाहेरगावी गेलेले, चहूकडे धुकं. दारावर थाप पडते. 'दार उघड, मी बाबा आलोय,' असं कुणीतरी म्हणतं. आणि शेवटचं वाक्य होतं, 'पण तो आवाज बाबांचा नव्हता.' बस्स! पुढे कोरं पान.

वाचनालयातली निम्मी मुलं त्या वाक्याने हादरली होती. आयांनी तक्रारी केल्या, तेव्हा वाचनालयाच्या अध्यक्षांनी फर्मानच काढलं. "असली पुस्तकं रद्दीत! संध्याकाळी मी स्वतः येऊन घेऊन जातो," असं ते सकाळी दारात सांगून गेले होते.

"जाऊ दे की रद्दीत! पीडा गेली," बडबड्या म्हणाला. तो ढापणीचा मावसभाऊ. सुट्टीला आला होता आणि आल्यापासून गप्प बसला नव्हता.

"पुस्तक जाईल, पण पिल्लूच्या डोक्यातून ते वाक्य कसं जाईल?" ढापणी म्हणाली.

तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि पिल्लूचं नाक बाहेर आलं.

"ताई, करडू कुठे गेलं?"

"कुठलं करडू?"

"पुस्तकावरचं! चित्रात आहे, मग गोष्टीत का नाही?"

ढापणीने पुस्तक ओढलं. मुखपृष्ठावर उघडं दार होतं, दारात मुलगी, आणि तिच्या पायाशी ठिपक्याठिपक्यांचं करडू! तिने पानं भराभर चाळली. सगळ्या गोष्टीत शेळीची शेपटीसुद्धा नव्हती.

"अरे, यात पानंच कमी आहेत!" ती ओरडली. "पुस्तक नव्याने बांधलेलं दिसतंय. चल, बाइंडरकाकांकडे!"

सायकलवर डबलसीट बसून ढापणी आणि बडबड्या सुसाट निघाले. बाइंडरकाकांच्या दुकानात खळीचा वास भरला होता. काका सुईत जाड दोरा ओवत होते. त्यांनी पुस्तक उघडून शिवणीवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"शेवटचा फर्मा नाही यात. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. अशा घड्या एकावर एक शिवल्या की पुस्तक होतं."

"मग ती घडी गेली कुठे?"

"हे बांधायला घेतलं त्या दिवशी दोन पुस्तकं सोबत उसवली होती. आकार सारखाच. मांजराने उडी मारून दोन्ही गठ्ठे पाडले आणि चष्मा माझा दुरुस्तीला! पानांचे बारीक आकडे काही दिसेनात, म्हणून चित्रं बघून घड्या लावल्या..." काका एकदम थांबले. "एका घडीवर शेळीचं चित्र होतं."

"आणि दुसरं पुस्तक कुठलं होतं?"

"शेळीपालन," काका पडलेल्या आवाजात म्हणाले.

बडबड्या एवढा हसला की टेबलाला धरून उभं राहावं लागलं त्याला. "शेळी दिसली आणि शेळीपालनात घातली! वा काका!"

"हसतोस काय गधड्या! ते पुस्तक टेकडीखालच्या शेळ्यावाल्या आजींकडे असेल. दुसरं कोण नेणार? पळा!"

आजी गोठ्यासमोर बाजेवर बसल्या होत्या आणि पुस्तक त्यांच्या मांडीवरच होतं! पण मागितल्यावर त्यांनी ते पोटाशी धरलं.

"मुळीच देणार नाही! चाऱ्याचा धडा वाचत होते, पान उलटलं तर एकदम धुकं! मला वाटलं, शेळ्यांना धुक्याने होणारा आजार सांगतायत. पुढे वाचते तर दारात बाप, दाराआड लेक. रडले हो मी ढसाढसा! पण ती पोर कोण, तिचा बाप कुठे गेला होता, काही पत्ता नाही. जिवाला नुसती हुरहूर लागून राहिलीय. आधी मला सुरुवात सांगा!"

सांगायला बडबड्या तयारच होता! त्याने कडा उभा केला, धुकं पसरलं, थाप वाजवली. आजी डोळे विस्फारून ऐकत होत्या. ऐकता ऐकता पुस्तक मांडीवरून घसरलं आणि एका काळ्या शेळीने ते अलगद उचललं.

"अगं बाई! पुस्तक!"

शेळी पुढे, ढापणी मागे, तिच्यामागे आजी! गवताच्या गंजीला दोन फेऱ्या झाल्या. शेवटी बडबड्याने आपली टोपी पुढे केली. शेळीला टोपी जास्त आवडली. पुस्तकाचा एक कोपरा कुरतडला गेला होता, पण अक्षर न् अक्षर शाबूत होतं. ढापणीने तिथेच उभ्याने तो शेवट वाचला आणि चष्मा काढून पुसला.

दोघं परत दुकानात पोचले. बाइंडरकाकांनी घडी सोडवली, जागेवर शिवली, आणि खळ नीट सुकायच्या आत मुलांबरोबर घरी आले. दारात अध्यक्ष हजर!

"आणा ते पुस्तक इकडे!"

"देतो की," बडबड्या साळसूदपणे म्हणाला. "पण अध्यक्षकाका, ते किती वाईट आहे ते एकदा कळू दे आम्हाला. शेवट मोठ्याने वाचून दाखवता? तुम्ही वाचलाच असेल ना?"

"मी? हो, म्हणजे..." अध्यक्षांनी घसा खाकरला. आई बघत होती, बाबाही स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत होते. अध्यक्षांनी मुकाट्याने पुस्तक उघडलं. पिल्लूच्या बंद दारापाशी ढापणीने त्यांना खुर्ची दिली.

"'पण तो आवाज बाबांचा नव्हता,'" अध्यक्षांनी वाचलं आणि पान उलटलं. "'म्हणजे तिला आठवत होता तसा नव्हता. धुक्यात वाट शोधत, तिला हाका मारून मारून तो आवाज बसला होता. मुलीने विचारलं, तुम्ही माझे बाबा असाल तर सांगा, मी झोपताना काय करते? बाहेरून उत्तर आलं, माझा कान धरतेस. तिने दार उघडलं. बाबांच्या हातात तिच्यासाठी आणलेलं ठिपक्यांचं...'" अध्यक्ष थांबले. त्यांनी रुमाल काढला. "डोळ्यात काहीतरी गेलंय," ते म्हणाले. कुणीच हसलं नाही.

"न वाचताच रद्दीत घालत होतो मी," ते हळूच म्हणाले. "शाब्बास रे पोरांनो! हे पुस्तक उद्यापासून दर्शनी कपाटात."

"आणि चूक माझी," बाइंडरकाका म्हणाले. "हुशारी ढापणीची!"

"करडू हरवलंय हे पिल्लूने ओळखलं," ढापणी म्हणाली. तिचं सगळं लक्ष दाराकडे होतं.

आत काहीतरी सरकलं. पिल्लू दाराशी आला होता.

"बाहेर कोण आहे?"

बाबा पुढे झाले. "मी आहे रे. बाबा." आवाज तसाच, घोगरा.

"मग सांगा, मी झोपताना काय करतो?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई सांगायला पुढे झाली, तसं त्यांनी हातानेच तिला थांबवलं. ते दारापाशी खाली बसले.

"मी गेलो तेव्हा माझ्या सदऱ्याचं बटण धरून झोपायचास. आता काय करतोस, ते नाही ठाऊक मला. मी इथे नव्हतो ना, राजा."

  ढापणी दारापासून एक पाऊल मागे सरली.

कडी निघाली. पिल्लूने बाबांकडे खालून वर नीट पाहून घेतलं, मग त्यांचं बोट धरलं.

"मग आत या," तो म्हणाला. "दाखवतो."