एक्केचाळिसावी हाक

सहारा वाळवंटाकडून येणारं हरमाटनचं कोरडं वारं सुटलं होतं. दुपारच्या धुळीत सूर्य पिठात बुडवून काढल्यासारखा दिसत होता. नर्सिंग कॉलेजच्या खोलीत तंत्रज्ञ एलिकेमने परीक्षेसाठी चाळीस कॉम्प्युटर मांडले होते. एकाच्याही पोटात डिस्क नव्हती. सुरू झालं की प्रत्येक यंत्र वायरीतून हाक मारायचं, कुणी आहे का? मग कोपऱ्यातली सर्व्हरची पेटी हिरवा दिवा लुकलुकवून ओ द्यायची, त्याला एक नंबर द्यायची आणि बाकीचं सगळं पाठवायची. पण ती ओळखीच्यांनाच ओ देई. त्या चाळीस जणांची यादी एलिकेमने तिच्यात भरली होती.

एकोणचाळीस सुरू झाले. सतरावा हाका मारून थकला. पेटी गप्प.

"माझी यायरा तिथंच बसणार आहे, एफो," दारातून पर्पेच्युआ म्हणाली. खोलीच्या किल्ल्या तिच्याकडे असत; ती त्याला एफो म्हणजे दादा म्हणे, तो तिला डाव्ही म्हणजे ताई. "उद्या आठला परीक्षा. दोनदा नापास झालीय पोरगी. आता शेवटची संधी."

"बघतोय ना, डाव्ही."

"सकाळपासून बघताय. बघून पोट भरत असतं तर मी मक्याच्या पिठाचा केंके कशाला उकडला असता?"

तो हसला. वायर बदलून झाली होती. यादीतलं नाव एकेक अक्षर लावून तपासून झालं होतं. सहाला वीज जाणार होती, ती उद्या सातलाच येणार. पावणेसहा झाले तेव्हा त्याने यादीच काढून टाकली. जो हाक मारील त्याला ओ दे, असं पेटीला सांगितलं.

सतरावा लगेच जागा झाला.

"काय केलंत?"

"आता ती कुणालाही ओ देते."

पर्पेच्युआचं हसू विरलं. "अनोळखी हाकेलासुद्धा? एकदाच हाक आली आणि माणूस दिसलं नाही, तर ओ द्यायची नाही. आईनं शिकवलं नाही तुम्हाला?"

"शिकवलं. पण हे यंत्र आहे, डाव्ही."

तेवढ्यात पेटीच्या पडद्यावर एक नवी ओळ उमटली. एक्केचाळीस.

एलिकेमने खोलीतली यंत्रं पुन्हा मोजली. चाळीसच. मग तो वायरी चाचपत गेला. एक जुनी वायर भिंतीतून मागच्या अडगळीच्या खोलीत जात होती. तिथे तिचं टोक तुटून जमिनीवर पडलं होतं. त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. आठ आठवडे पाऊस नव्हता, तरी तिथे ओल्या मातीचा वास होता... नुकत्याच उकरलेल्या मातीचा.

परत येऊन त्याने ती वायर पेटीपासून उपटली. पडद्यावर पुन्हा ओळ आली. एक्केचाळीसला नंबर दिला.

"यादी परत लावा..." पर्पेच्युआ कुजबुजली.

"लावली तर सतरावा बंद पडेल."

ती सतराव्या खुर्चीकडे पाहत राहिली. बाहेर वारं पत्र्यावर नखं ओढत होतं.

"मग... राहू द्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चाळीस मुलींनी पेपर दिला. एकही यंत्र अडलं नाही. यायरा धावत बाहेर आली. "आई, सगळं लिहिलं मी, सगळं!" पर्पेच्युआने तिला पोटाशी धरलं आणि तिच्या खांद्यावरून एलिकेमकडे पाहिलं.

आत पडद्यावर चाळीस नावं मिटली होती. एक्केचाळिसावा अजून चालूच होता.

एलिकेमने वीज बंद केली. सगळ्या वायरी काढल्या आणि पेटी छातीशी धरून तो भर उन्हात अंगणात आला. मायलेकी समोरच उभ्या होत्या. पर्पेच्युआने खोलीला कुलूप घातलं.

तेव्हा कुलूपबंद खोलीतून हळूच, एकदाच हाक आली.

"एलिकेम..."

त्याचे ओठ हलले. पर्पेच्युआने झटकन आपला तळवा त्याच्या तोंडावर दाबला. त्याने ओ दिली नाही.

त्याच्या हातातल्या थंडगार पेटीवर मात्र हिरवा दिवा एकदा लुकलुकला.